कमी ऑक्सिजनच्या खोलीत व्यायाम केल्याने रक्तातील साखर खरोखर सुधारते का?

चाफा_ठाणे

नमस्कार. माझे वय ४८ वर्षे असून माझे काम दिवसभर बसून करण्याचे आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशक) ६.१ आली, ट्रायग्लिसराइड्सही मर्यादेच्या बरीच वर आहेत. आईला मधुमेह होता. डॉक्टरांनी तूर्त गोळ्या न देता आहार आणि व्यायाम यांवर भर देण्यास सांगितले आहे. अडचण अशी की उजव्या गुडघ्यातील कूर्चा झिजू लागल्यामुळे भरभर चालणे किंवा जिने चढणे फार वेळ जमत नाही, आणि हळू चालले तर व्यायाम झाल्यासारखेच वाटत नाही.

आमच्या भागातील एका व्यायामशाळेने अलीकडे काचेची एक बंदिस्त खोली उभारली आहे. आत ट्रेडमिल आणि सायकली आहेत, आणि दारावरच्या पडद्यावर 'ऑक्सिजन १४ टक्के' असा आकडा दिसत असतो. तिथे आठवड्यातून तीन दिवस व्यायाम केल्यास निम्म्या वेळात दुप्पट चरबी जळते आणि मधुमेहाची पूर्वावस्था उलटवता येते, असा त्यांचा दावा आहे. शुल्क नेहमीच्या जवळजवळ चौपट आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे की, कमी ऑक्सिजनमध्ये शरीरात नेमके काय बदलते, त्याचा साखरेशी काय संबंध, आणि साध्या व्यायामापेक्षा यात काही अधिक मिळते असे सिद्ध झाले आहे का? महाबळेश्वरला महिनाभर राहून फिरले तर तोच परिणाम साधेल का? बाजारात 'डोंगरी हवेचा' म्हणून तोंडावर बांधायचा मुखवटा मिळतो, तो स्वस्त पर्याय ठरू शकेल का? मी सध्या रक्तदाबाची एक गोळी घेते, बाकी औषध नाही.

शरीरक्रिया

मी वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते सविस्तर लिहितो. पुढचे काम प्रत्यक्ष रुग्ण पाहणाऱ्यांचे आहे.

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईत आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखेच, म्हणजे सुमारे २०.९ टक्के असते. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला पाऱ्याचा ७६० मिलिमीटर असलेला दाब साडेपाच हजार मीटरच्या सुमारास निम्म्यावर येतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासातून फुप्फुसात पोहोचणारा ऑक्सिजनही तितकाच घटतो. तुम्ही पाहिलेल्या खोलीत दाब बाहेरच्याइतकाच ठेवून हवेत नायट्रोजनचा वाटा वाढवलेला असतो. तेथील १४ टक्के म्हणजे ढोबळमानाने सव्वातीन ते साडेतीन हजार मीटर उंची, म्हणजे लेह शहराच्या आसपासची परिस्थिती.

या हिशेबात महाबळेश्वर बसत नाही. तेथील सुमारे १३५० मीटर उंचीवर मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या भाषेत सांगायचा तर अठरा टक्क्यांच्या जवळपास येतो. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. तेथेही निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी फारशी ढळत नाही. महाबळेश्वरला फिरण्याचा लाभ होईल तो फिरण्याचा आणि थंड हवेचा.

आता साखरेकडे वळतो. स्नायूंच्या पेशीत ग्लुकोज शिरते ते ग्लुट-४ नावाच्या वाहक प्रथिनामार्फत. एरवी हे वाहक पेशीच्या आत साठवलेले असतात आणि इन्सुलिनचा संदेश आला की पेशीच्या आवरणावर येऊन बसतात. मधुमेहाच्या पूर्वावस्थेत हा संदेश क्षीण झालेला असतो. परंतु स्नायू आकुंचन पावला की इन्सुलिनचा संदेश नसतानाही हे वाहक वर येतात, आणि व्यायामाने साखर उतरण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. ऑक्सिजनच्या कमतरतेनेही हेच घडते, आणि तेही आकुंचनाशी बऱ्याच अंशी समाईक असलेल्या मार्गाने, हे प्राण्यांच्या स्नायूंवरील प्रयोगांत १९९० च्या दशकाच्या आरंभीच दिसून आले होते. म्हणजे ज्याचा इन्सुलिनचा मार्ग मंदावला आहे, त्याच्यासाठी आडवाट मात्र उघडी राहते. दोन्ही गोष्टी एकत्र केल्यास परिणाम वाढेल, या अपेक्षेवर ही सगळी कल्पना उभी आहे.

दुसरा परिणाम अधिक सावकाश होतो. एचआयएफ नावाचे प्रथिन आपल्या पेशी सतत तयार करतात आणि पुरेसा ऑक्सिजन असेपर्यंत सतत नष्टही करतात, कारण ते नष्ट करण्यासाठी लागणाऱ्या विकरांना ऑक्सिजनच हवा असतो. ऑक्सिजन घटला की हे प्रथिन साचते, पेशीकेंद्रात जाते आणि रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन, नव्या केशवाहिन्या, ग्लुकोजचे वाहक अशा अनेक गोष्टींची जनुके जागी करते. या यंत्रणेच्या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जाहिरातींत या पारितोषिकाचा उल्लेख हमखास येतो. मात्र ते ऑक्सिजन ओळखण्याच्या यंत्रणेसाठी दिलेले आहे, काचेच्या खोलीतील व्यायामासाठी नव्हे.

ऑक्सिजनची कमतरता ही स्वभावतः आरोग्यदायी गोष्ट नाही, हेही येथेच सांगायला हवे. झोपेत घोरताना ज्यांचा श्वास वारंवार अडतो, त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन रात्रभर वर-खाली होत राहतो आणि त्यातून इन्सुलिनला होणारा विरोध वाढतो, रक्तदाबही वाढतो. पातळी किती खाली गेली, किती वेळ राहिली आणि त्या वेळी स्नायू काम करीत होते की माणूस झोपलेला होता, यावर निकाल पालटतो. तुम्हाला घोरण्याची सवय असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर ती तपासणी या खोलीच्या आधी करावी.

सह्यवाट

मी दरवर्षी हिमालयात पदभ्रमणासाठी जातो. लेहच्या बाजूला दोन-तीन आठवडे काढून परतलो की पट्टा सैल झालेला असतो, भूक कमी लागते आणि साखरही चांगली येते. डोंगराळ भागात राहणाऱ्या लोकांत स्थूलता आणि मधुमेह कमी आढळतो, हेही वाचनात आले आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यातील लोक सर्वांत कमी लठ्ठ आहेत असे म्हणतात. त्यामुळे या पद्धतीत काही तथ्य नसावे, असे मला तरी वाटत नाही. चौपट शुल्काच्या पैशांत मात्र एखादी हिमालयाची फेरी होईल.

मधुमित्र

मी मधुमेहतज्ज्ञ म्हणून काम करतो. मूळ प्रश्नाकडे येण्यापूर्वी सह्यवाट यांच्या निरीक्षणाबद्दल दोन शब्द. उंचीवर पहिल्या काही दिवसांत शरीर बरेच पाणी बाहेर टाकते, भूक मंदावते आणि दिवसाचे सहा-सात तास चालणे होते. या तीन गोष्टींनंतर पट्टा सैल होण्यासाठी विरळ हवेच्या आणखी वेगळ्या करामतीची गरज उरत नाही. शिवाय घटलेल्या वजनात स्नायूही असतो, आणि साखरेच्या रुग्णाने स्नायू गमावणे हे तोट्याचे आहे. कोलोराडोबद्दलची गोष्ट खरी आहे, परंतु अशा राज्यांत वय, उत्पन्न, व्यायामाच्या सवयी असे सगळेच निराळे असते. त्यातल्या त्यात विचार करण्याजोगा पुरावा अमेरिकी सैन्यातील आहे. तेथे कोणी कोठे राहायचे हे बव्हंशी नेमणुकीवर ठरते, आणि तरीही उंचावरील तळांवर असलेल्या जास्त वजनाच्या सैनिकांत पुढे स्थूल होण्याचे प्रमाण कमी आढळले. पण ते लोक तेथे अहोरात्र राहत होते. आठवड्यातून तीन तासांची खोली आणि वर्षानुवर्षांचा मुक्काम यांची तुलना करता येत नाही.

प्रत्यक्ष प्रयोगांची स्थिती अशी आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात वीस लठ्ठ पुरुषांना झुगश्पिट्झ पर्वतावर २६५० मीटर उंचीवरील संशोधन केंद्रात आठवडाभर ठेवले होते. त्यांना हवे तितके खाण्याची मुभा होती आणि मुद्दाम व्यायाम करून घेतला नव्हता. तरी त्यांचे वजन सरासरी दीड किलोच्या आसपास घटले, कारण ते आपण होऊन कमी जेवले. भूक आवरणारे लेप्टिन त्यांच्या रक्तात वाढलेले होते. त्याआधी २००८ साली एका लहान अभ्यासात, १५ टक्के ऑक्सिजनमध्ये आठ आठवडे हलका व्यायाम केलेल्या लठ्ठ व्यक्तींचे वजन साध्या हवेतील गटापेक्षा सुमारे एक किलोने अधिक उतरले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांत, एकाच बैठकीतील कमी ऑक्सिजनमधल्या व्यायामानंतर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद साध्या हवेतील तशाच व्यायामापेक्षा अधिक सुधारल्याचे इंग्लंडमधील एका गटाने २०११ मध्ये दाखवले. जाहिरातीत येतात ते बहुधा हेच अभ्यास.

यानंतरची गोष्ट जाहिरातीत येत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३२ लठ्ठ व्यक्तींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली आणि त्यांना आठ महिने बोलावले. एका गटाच्या खोलीत खरोखर विरळ हवा होती, दुसऱ्याच्या खोलीत साधीच. कोणती कोणाला हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी वजन आणि चयापचयाशी निगडित धोक्याचे घटक यांत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. माझ्या मते साऱ्या विषयात सर्वाधिक लक्ष द्यावे असा हाच अभ्यास आहे, कारण तो लांब पल्ल्याचा आहे आणि सहभागी व्यक्तीला आपण विशेष खोलीत आहोत या जाणिवेनेच हुरूप येण्याची शक्यता त्यात वगळलेली आहे. इतर अनेक अभ्यास चार ते आठ आठवड्यांचे, पंधरा-वीस माणसांचे आणि परस्परविरोधी निष्कर्षांचे आहेत. एका बैठकीनंतर साखर अधिक उतरणे आणि तीन महिन्यांनी प्रकृती अधिक सुधारणे यांतील अंतर भरून काढणारा पुरावा अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

आणखी एक बाब आपल्यासाठी महत्त्वाची आहे. हे प्रयोग बहुतांशी लठ्ठ युरोपीय व्यक्तींवर झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की आपल्याकडील माणूस वजनकाट्यावर सडपातळ असूनही पोटात चरबी आणि अंगात कमी स्नायू बाळगून असतो. अशा शरीराला वजन उतरवण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, स्नायू वाढवण्याची गरज असते, आणि विरळ हवेत तुम्हाला हलके वजन उचलावे लागत असेल तर तो हेतू मागेच पडतो. उलट साध्या उपायांचा पुरावा भक्कम आहे. मधुमेहाच्या पूर्वावस्थेतील लोकांवरील २००२ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि वजनात सात टक्के घट या उद्दिष्टांनी मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीने ३१ टक्क्यांनी. त्यात कोणत्याही खोलीत शिरावे लागले नव्हते.

धावपट्टी

मी व्यायाम-प्रशिक्षक असून खेळाडूंबरोबर आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांबरोबरही काम करतो. डॉक्टरांच्या प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु चाफाताईंचा गुडघा लक्षात घेता या पद्धतीची एक खरी बाजू सुटते आहे असे वाटते.

कमी ऑक्सिजनमध्ये माणसाची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता घटते. दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला साधारण दहा टक्के, असा आम्ही ढोबळ हिशेब धरतो. त्यामुळे बाहेर ताशी साडेपाच किलोमीटरने चालताना नाडीचे जे ठोके पडतात, तेच त्या खोलीत ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास पडू शकतात. हृदय आणि फुप्फुसे तितकीच कामाला लागतात, पण गुडघ्यावर पडणारे धक्के सौम्य होतात. निम्म्या वेळात दुप्पट चरबी ही थाप असली, तरी ज्याला सांध्यामुळे वेग वाढवता येत नाही त्याला हृदयाचा व्यायाम मिळवून देणे हा या खोलीचा प्रामाणिक उपयोग आहे, आणि विकणाऱ्यांपैकी कोणी तो सांगत नाही. अर्थात तीच सोय आसन योग्य उंचीला लावलेल्या सायकलीवर किंवा छातीभर पाण्यात चालूनही होते, आणि ठाण्यात पोहण्याचे तलाव आहेत.

खेळाडूंच्या नावावर जे विकले जाते त्याबद्दलही सांगतो. १९६८ च्या ऑलिंपिक स्पर्धा २२४० मीटर उंचीवरील मेक्सिको सिटीत झाल्यापासून उंचीवरील सरावाची चर्चा सुरू झाली. १९९७ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात अडीच हजार मीटरवर राहून साडेबाराशे मीटरवर सराव करणाऱ्या धावपटूंची कामगिरी सर्वाधिक सुधारली. 'उंच राहा, खाली सराव करा' हे सूत्र त्यातूनच रूढ झाले. आपल्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी सैन्यात असताना सियाचिनमध्ये सेवा केली आणि पुढे कोलोराडो स्प्रिंग्समध्ये सराव केला, हे अनेकांना ठाऊक असेल. पण या सगळ्यात उंचीवर राहणे दिवसाचे निदान बारा तास आणि सलग तीन-चार आठवडे असते, आणि हेतू रक्तातील हिमोग्लोबिन वाढवण्याचा असतो. आठवड्यातील तीन तासांत हिमोग्लोबिन वाढत नाही.

मुखवटा घेऊ नये. तो हवेतील ऑक्सिजन कमी करीत नाही, श्वास घेताना अडथळा निर्माण करतो. श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम होतो, एवढेच. डोंगराशी त्याचा संबंध वेष्टनावरील चित्रापुरता आहे.

खोलीत जायचेच ठरले, तर आधी एकदा नुसते पाहून या. आत कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र आहे का ते विचारा, कारण बंद खोलीत पाच-सहा जण धापा टाकत असतील तर तो साचतो आणि डोके दुखू लागते. प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर असावा आणि कोणत्या आकड्याला व्यायाम थांबवायचा हे प्रशिक्षकाने आधी सांगितलेले असावे.

चाफा_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. सूचनेप्रमाणे मी जाऊन पाहिले आणि चाचणी म्हणून थोडा वेळ आत व्यायामही केला. कार्बन डायऑक्साइडचे यंत्र तेथे दिसले नाही. विचारल्यावर 'हवा खेळती आहे' एवढेच उत्तर मिळाले. ऑक्सिमीटर एकच होता आणि तो हातोहात फिरत होता. माझा आकडा आधी ९७ होता, चालायला लागल्यावर काही मिनिटांत ८५ झाला आणि एकदा ७९ दिसला, तेव्हा प्रशिक्षकाने बोट चोळून पुन्हा लावायला सांगितले. मग ८४ आला. 'चौऱ्याऐंशी म्हणजे उत्तम, शरीर शिकते आहे,' असे ते म्हणाले. धावपट्टी यांनी लिहिल्याप्रमाणे वेग कमी असूनही धाप चांगलीच लागली आणि गुडघा दुखला नाही, हेही खरे. मात्र संध्याकाळपर्यंत डोके जड राहिले.

आधी लिहायचे राहिले, माझे हिमोग्लोबिन १०.४ आहे. पाळीचा त्रास असल्याने ते नेहमीच कमी असते आणि त्याकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. याचा या विषयाशी संबंध येतो का?

मधुमित्र

संबंध येतो, आणि फार जवळचा येतो. ऑक्सिमीटर जो आकडा दाखवतो तो तुमच्याजवळ असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे याचा. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्याला कळत नाही. डब्यांची संख्याच कमी असलेल्या गाडीतील आसने किती भरली आहेत एवढेच तो सांगतो. त्यामुळे १४.० हिमोग्लोबिन असलेल्या व्यक्तीचे ८५ आणि तुमचे ८५ यांत स्नायूंना पोहोचणाऱ्या ऑक्सिजनच्या दृष्टीने मोठा फरक आहे. रक्तक्षय असताना मुद्दाम विरळ हवेत व्यायाम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा तुमच्या निदानाचाच आहे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा थोडे अधिक येऊ शकते. उलट लोह सुरू केल्यावर ताज्या रक्तपेशी रक्तात येतात, त्यांच्यावर साखर चिकटायला वेळ मिळालेला नसतो, आणि आकडा काही काळ खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तीन महिन्यांनी तुमचे ६.१ चे ५.७ झाले, तर ते खोलीमुळे, लोहामुळे की आहारामुळे हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि श्रेय मात्र खोली घेईल. उपाशीपोटीची ११२ ही मधुमेहाच्या पूर्वावस्थेतच मोडते, त्यामुळे सगळे काही ठीक आहे असे समजू नका. परंतु ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी करून घ्या, कारण तिच्यावर रक्तपेशींच्या वयाचा परिणाम होत नाही. त्याबरोबर फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहा आणि पाळीच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

रक्तदाबाची गोळी कोणती, हेही पाहावे लागेल. ती बीटा-ब्लॉकर वर्गातील असेल, तर नाडीचे ठोके वाढत नाहीत आणि नाडी पाहून व्यायामाची तीव्रता ठरवणे फसते. इतर वाचकांसाठी सांगतो की ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा व्यायामानंतर काही तासांनीही अनपेक्षित खाली जाऊ शकते. हृदयविकार, फुप्फुसांचा विकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गर्भावस्था किंवा डोळ्यांच्या पडद्याचा वाढलेला मधुमेही विकार असल्यास त्या दारापाशीच थांबावे. लेहला जाणाऱ्या मधुमेहींनी एवढे लक्षात ठेवावे की ग्लुकोज ऑक्सिडेज विकरावर चालणाऱ्या, घरी साखर मोजण्याच्या पट्ट्या विरळ हवेत चुकीचा, बहुधा जास्त, आकडा दाखवू शकतात.

नागझिरा

मी विदर्भातील एका प्रयोगशाळेत काम करतो. वरील यादीत एक नाव राहिले आहे, सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. ज्यांना हा आजार आहे ते सहसा स्वतःच सावध असतात. प्रश्न वाहकांचा, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेल्यांचा आहे. वाहक व्यक्तीला रोजच्या आयुष्यात काहीच त्रास नसतो आणि बऱ्याच जणांना आपण वाहक असल्याचे ठाऊकही नसते. परंतु ऑक्सिजन बराच खाली गेला, शरीरातील पाणी कमी झाले आणि त्यात दमवणारा व्यायाम झाला, तर त्यांच्याही रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. उंच डोंगरावर गेलेल्या वाहकांत असे प्रकार नोंदले गेले आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात आणि तेथून पुण्या-मुंबईत गेलेल्या कुटुंबांत हे वाहकत्व पुष्कळ आहे. विद्राव्यता चाचणी स्वस्त असते, सरकारी रुग्णालयांत होते, आणि ती होकारार्थी आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणाऱ्या तपासण्यांनी वाहक की रुग्ण हे निश्चित करता येते. व्यायामशाळेच्या प्रवेशअर्जात रक्तगट विचारतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

धावपट्टी

चाफाताई, ७९ आकडा दिसल्यावर बोट चोळून पुन्हा मोजणे एवढ्यापुरते ठीक, कारण हात हलत असला, बोट थंड असले किंवा मेंदी अथवा नखांवर रंग असला तर यंत्र चुकू शकते. पण पुन्हा मोजेपर्यंत ट्रेडमिलचा पट्टा थांबवायला हवा होता. आम्ही असे सराव घेतो तेव्हा ८० च्या खाली गेल्यास त्या दिवशीचा सराव संपवतो, आणि नवख्या माणसाला पहिले काही दिवस १६-१७ टक्क्यांपेक्षा खाली नेत नाही. तुम्हाला पहिल्याच दिवशी १४ वर चालवले, ही गोष्ट मला पटलेली नाही. संध्याकाळपर्यंत जड राहिलेल्या डोक्याचे कारणही बहुधा तेच, किंवा तो न मोजलेला कार्बन डायऑक्साइड.

तूर्त खोली बाजूला ठेवून, हिमोग्लोबिन सुधारेपर्यंत करता येईल असे सांगतो. आठवड्यातून चार-पाच दिवस सायकल, आसन इतके उंच की पायडल खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील. वेग असा की बोलता येईल पण गाता येणार नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. त्यात हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे असावे, मात्र सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवावी म्हणजे गुडघा कमी वाकेल. त्याच्या जोडीला भिंतीला टेकून दंड, आणि टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात चालणे. वेग कमी असला तरी चालेल, कारण जेवणानंतर चढणारी साखर तेवढ्याने बरीच आटोक्यात राहते. कामाच्या ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे फिरणे हेही व्यायामातच मोजा. हिमोग्लोबिन बाराच्या वर आल्यावर, आणि तरीही गुडघ्यामुळे सायकलीवर नाडी चढत नसेल, तर विरळ हवेचा विचार पुन्हा करता येईल. पण त्या वेळी दुसरी खोली शोधा.

चाफा_ठाणे

बीटा-ब्लॉकर नाही, टेल्मिसार्टन आहे. शुल्क भरलेले नव्हते, ते भरत नाही. पुढील आठवड्यात फेरिटिन आणि ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करून घेईन. एक शंका: मी काही दिवसांपासून भात आणि पोळी जवळजवळ बंद केली आहे. तपासणी तशीच केली तर चालेल का?

मधुमित्र

चालणार नाही. फार कमी पिष्टमय आहारावर असताना ही तपासणी केली, तर निरोगी माणसाचीही दोन तासांनंतरची साखर खोटी वाढलेली दिसू शकते. तपासणीपूर्वीचे तीन दिवस भात, पोळी, भाकरी नेहमीसारखी घ्या, दिवसाला निदान १५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील इतकी. आदल्या रात्रीपासून आठ ते दहा तास पाण्याखेरीज काही घेऊ नका, सकाळचा चहासुद्धा नाही. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास प्रयोगशाळेतच बसून राहा, कारण मधल्या वेळेत फिरून आलात तर आकडा उगाच चांगला येईल. टेल्मिसार्टन नेहमीच्या वेळी घेतली तरी हरकत नाही. लोहाच्या गोळ्या मात्र फेरिटिनचे रक्त दिल्यानंतरच सुरू करा.